गरम-थंडाचा मामला

भुजंग मिस्त्रीला रामराम केला तर तो रामराम परत करीत नाही. पुढे होऊन आपला हात हातात घेतो, डोळे मिटतो आणि आकडा सांगतो. "छत्तीस." कधी म्हणतो, "साडेछत्तीस, मुनशीजी. आज जरा वर हाय, कोनावर चिडले?" एवढे झाले म्हणजे आपला रामराम पोचला असे समजावे. चहाचा पेला, उन्हातला पत्रा, गाडीचे बोनेट, मारुतीच्या देवळाची पायरी, जे समोर येईल त्याला हात लावून त्याचा ताप जाहीर करणे हा त्याचा नित्यनेम होता. एकदा जमिनीच्या चौकशीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्यांच्या टकलावर त्याने सर्व गावासमक्ष पंजा ठेवला आणि त्यांच्या शिपायाला सांगितले, "सायेबाचं इंजिन तापून राह्यलं बापा. सावलीत उभं कर, मंग चालू कर."

अधिकारी सावलीत गेले. हे मी स्वतः पाहिलेले आहे.

मी गुडीहत्नूरच्या तहसील कचेरीसमोर बसून लोकांच्या दरख्वास्ती लिहितो. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. परंतु माझा मजकूर एकदा दाखल झाला म्हणजे तो बाजूला सारण्याची हिंमत सहसा कोणी करीत नाही, ही गोष्ट या मंडळात सर्वश्रुत आहे. मराठी माणसाचे गाऱ्हाणे तेलुगूत मांडावे, आणि त्यात निजामाच्या काळचे चार उर्दू शब्द बसवून त्याला वजन आणावे, हे काम माझ्याइतके नेटके करणारा दुसरा माणूस मला तरी आढळलेला नाही. अशा माणसाने एका गाडी-मिस्त्रीवर लिहायला बसावे याला कारण आहे. त्याचे माझ्यावर असे उपकार आहेत की त्यांच्याबद्दलचा अर्ज कोणत्याही कचेरीत दाखल करता येत नाही. म्हणून तो येथे दाखल करीत आहे.

त्याचे दुकान म्हणजे महामार्गाच्या कडेला चार लोखंडी खांबांवर टेकलेला एक पत्रा. शेजारी सायन्नाची चहाची टपरी. दुकानाला पाटी नाही, कारण भुजंगच्या मते ज्याची गाडी बिघडते तो वाचत बसत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याच्या डोक्यावर माकडटोपी असते, ती होळीच्या दिवशी उतरते आणि त्या दिवशी गावातील निम्मी माणसे त्याला ओळखत नाहीत. त्याच्या पत्र्याखाली हॉर्न वाजविण्यास सक्त मनाई आहे. एका चालकाने वाजविला तेव्हा भुजंगने त्याला विचारले, "दवाखान्यात जाऊन तू बोंबलतो का?"

गाडीशी तो हिंदीत बोलतो. बोनेट उघडून आत डोके घालतो आणि अदबीने विचारतो, "क्या तकलीफ है? खुलके बोलो." मी एकदा याचे कारण विचारले होते. "ती भायेरून आलेली हाय ना, मुनशीजी," तो म्हणाला. "तिले आपली बोली एकदम कशी समजन?" दुरुस्ती पूर्ण झाली म्हणजे मात्र तो मराठीवर येतो. बोनेटवर थाप मारतो आणि म्हणतो, "जाय माय, सांबाळून जाय." मग ती गाडी आपल्यातली झाली.

त्याचे तत्त्वज्ञान एका वाक्याचे आहे. "दुनियेत दोनच मामले हायेत, मुनशीजी. गरम अन् थंड. बाकी समदी लिखापढी." हे वाक्य तो मुद्दाम माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणत असे. मी त्याकडे दुर्लक्ष करीत असे.

आणि त्याची आंघोळ. आमच्याकडची पौषातली थंडी ज्याने पाहिलेली नाही त्याला हे सांगून पटणार नाही, परंतु पहाटे धुके जमिनीवर बसलेले असताना हा गृहस्थ हातपंपावर बसून टोपीसकट डोक्यावर बादल्या ओतून घेत असे. पाणी भरायला आलेल्या बाया त्याला चिडवीत, "मिस्त्री, लाकडं नाईत का घरी? आमी देतो दोन." तो दात वाजवीत उत्तर देई, "मर्दाले गरम पानी कायले लागते?" आम्ही सर्व जण याला मिजास समजत होतो. बायको गेल्यावर माणूस जरा तऱ्हेवाईक होतोच, असेही म्हणत होतो.

आता मूळ मजकूर.

माझ्याकडे एक पांढरी डिझेलची गाडी आहे. दुसऱ्याने वापरून विकलेली असली तरी तिची कांती चांगली आहे. तिला गेल्या हिवाळ्यात विचित्र व्याधी जडली. घरातून निघताना ती शहाण्यासारखी चाले. तासाभराने, विशेषतः चढावर, समोर पिवळा दिवा लागे आणि तिचा सगळा जोर जाई. पाय कितीही दाबला तरी ती बैलगाडीच्या चालीने सरके. थांबवून विसावा दिला की पुन्हा काही वेळ बरी. मी डिझेलची जाळी बदलली. कोणी म्हणाले पंप बदला, कोणी म्हणाले टाकी धुवा. आमच्या एका नातेवाइकांनी समोरच्या चाकाखाली लिंबू ठेवून पाहिले. लिंबू तेवढे चिरडले.

एरवी मी हे सोसले असते. परंतु आमची मुलगी शारदा उटनूरच्या पलीकडे एका गावात दिली आहे, आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. वाटेत जंगलातला चढ आहे. त्या चढावर माझ्या गाडीने पूर्वी एकदा प्राण सोडला होता, आणि नेमके त्या दिवशी माझे व्याही गाडीत होते. पांढरेशुभ्र धोतर नेसलेल्या त्या सद्गृहस्थाला मागून गाडी ढकलावी लागली, आणि कापसाने भरलेला एक टेम्पो त्यांच्या पाठीशी सतत हॉर्न वाजवीत राहिला. ते धोतर ते विसरले नव्हते. फोनवर त्यांनी स्पष्ट सांगितले, "मुनशीजी, त्या गाडीत म्या माह्या सुनेले बसवनार नाई. चढ चढून येऊन दाखवा, मंग न्या. नाई तं बाळंतपन इथंच होईन."

भाड्याची गाडी आणता आली असती. परंतु अवघडलेल्या मुलीला अनोळखी चालकाच्या हवाली करून त्या रस्त्याने आणायला आमच्या कुटुंबाचा, म्हणजे शारदेच्या आईचा, जीव धजत नव्हता. शिवाय पुढे वेळ आली म्हणजे आदिलाबादच्या दवाखान्यात नेण्यासाठी दारात भरवशाची गाडी हवीच होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की आणायचे तर याच आठवड्यात आणा, त्यानंतर प्रवास नको. आणि शारदेने आईला फोनवर एवढेच म्हटले होते, "आई, मले तुह्याजवळ यायचं हाय. बाबाले सांग ना, काही करा पन या."

मी गाडी भुजंगच्या पत्र्याखाली नेली.

त्याने माझा हात धरला. "सदतीस. घाबरले तुमी." मग गाडीची विचारपूस झाली. मग त्याने लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेला एक डबा काढला. हा डबा गाडीला तारेने जोडला की त्याच्या काचेवर गाडीच्या अंतरंगातील गोष्टी उमटतात. डब्याने एका क्षणात सांगून टाकले की डिझेलचा ताप मोजणाऱ्या सेन्सरमध्ये दोष आहे.

"मग बदलून टाक," मी म्हणालो.

"डबा आरोप करते," भुजंग म्हणाला. "फैसला म्या करतो. तार तुटली असन, तारेचा चिमटा ओला असन, नाई तं सेन्सरच खोटा असन. बिनाशहादतीचं, गवाह न घेता, कोनाले फासावर देता का तुमी?"

न्यायाचे हे तत्त्व मला मान्य करावे लागले. मग त्याने मला समजावून सांगितले ते असे. डिझेल तापले म्हणजे पातळ होते. ते किती तापले आहे याची खबर एक बोटाएवढा सेन्सर गाडीच्या मुख्य पेटीला देत असतो, आणि पेटी त्या हिशेबाने इंजिनाला डिझेल देते. त्याने उगाच जास्त ताप कळविला तर पेटीला वाटते, डिझेल उकळायला आले, आता पंप जळणार; आणि ती हात आखडता घेते. गाडी निरोगी असते. तिला फक्त खोटी खबर मिळालेली असते.

"आता तीन गवाह हायेत," तो म्हणाला. "एक इंजिनच्या पान्याचा ताप सांगते, एक हवेचा, अन् एक हा डिझेलवाला. गाडी रातभर थंडीत उभी राह्यली की तिघाईचं बोलनं एकच आलं पायजे. ज्याचं येगळं आलं, तो खोटा. तवा आज रातच्याला गाडी उघड्यावर ठेवा. चालू करू नका. कोनी हात लावू नका. सकाळी म्या येतो."

मी घरी येऊन हा हुकूम जसाच्या तसा कुटुंबाला ऐकविला आणि झोपलो.

सकाळी भुजंग हातपंपावरून थेट आमच्या अंगणात आला. टोपीखालून पाणी ठिबकत होते, तोंडातून वाफ निघत होती. त्याने बोनेटवर संपूर्ण पंजा ठेवला, डोळे मिटले. "बर्फ. नऊ," तो म्हणाला. मग डबा जोडला.

काचेवर तीन आकडे आले. तिन्ही पस्तीस-चाळिसाच्या घरात, आणि तिघांत फरक म्हणाल तर अगदी किरकोळ.

भुजंगने डबा उपटून पुन्हा जोडला. तेच आकडे. त्याने डबा झटकला, मफलरने पुसला, त्याला हिंदीत दोन शब्द सुनावले. तेच आकडे.

"हात म्हनते नऊ, अन् हे म्हनतात पस्तीस! तिघंबी एकदम खोटं बोलून राह्यले," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "म्हंजे गवाह नाई फुटले, मुनशीजी. कोरटच फिरलं. पेटी गेली. हैदराबादले पाठवा लागन. महिना पकडा."

महिना. मी पायरीवर बसलो. डोळ्यांसमोर व्याह्यांचे धोतर आले, आणि त्यामागे माझी मुलगी.

आमचे कुटुंब चहा घेऊन दारात उभे होते. तिने पेले पायरीवर ठेवले. "भाऊ," ती म्हणाली, "एक बोलू का? रातच्याला म्या तिच्यावर गोधडी टाकली होती."

"कोनावर?"

"गाडीवर. अन् तोंडाखाली निखाऱ्याची शेगडी ठेवली. पहाटे काढून घेतली, हे ओरडतील म्हनून."

"काऊन?" मी खरोखरच ओरडलो.

"काऊन म्हंजे? व्यायाले झालेल्या म्हशीले थंडीत उघडं ठेवतो का आपन? माह्या पोरीले आनायची हाय तिले. रातभर काकडली असती तं?"

मग मला हसू आले, आणि ते आवरेना. पेटी शाबूत होती! दोन साक्षीदार खरे बोलत होते, त्यांना रात्रभर शेक मिळाला होता म्हणून ते पस्तीसच्या पुढे सांगत होते, आणि तिसरा लबाड त्यांच्या आड लपला होता. महिन्याचे संकट एका गोधडीवर निघाले. मी उठलो आणि आनंदाने बोनेटवर हात ठेवला.

ते उबदार होते. नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणाइतके उबदार. कोणत्याही हाताला कळले असते.

मी भुजंगकडे पाहिले. तो हसत नव्हता. तो आपला पंजा उलटसुलट करून पाहत होता, जणू त्याच्यावर कोठे आकडा उमटलेला असावा. मग त्याने तो हात खिशात घातला.

"उद्या पाहू," तो म्हणाला. "वहिनी, आज गोधडी तुमीच पांघरा." आणि चहा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याने मला रामरामाचा आकडा सांगितला नाही. बोनेटला हात लावला नाही. कुटुंबाला म्हणाला, "वहिनी, जरा हात ठेवा. कसं हाय?"

"थंडगार, भाऊ. हात राहात नाई."

"बस." त्याने डबा जोडला. पाणी म्हणाले दहा, हवा म्हणाली दहा, आणि डिझेलवाला छातीठोकपणे म्हणाला चाळीस. खोटा साक्षीदार सापडला. तरी भुजंगने फैसला दिला नाही. सेन्सरची तार सोडवली. पेटीने ताबडतोब हाडे गोठविणारी थंडी दाखविली. तारेची दोन टोके एकमेकांना जोडली. पेटीने भट्टीचा ताप दाखविला. "तार बरोबर, पेटी बरोबर," तो म्हणाला. "आता याले बाहेर काढतो."

सेन्सरची अंतिम चौकशी सायन्नाच्या टपरीवर झाली. एका पेल्यात थंड पाणी, एका पेल्यात उकळते. सेन्सर त्यात बुडवायचा आणि विजेच्या मीटरवर त्याचा रोध पाहायचा. पाणी गरम असेल तर रोधाचा आकडा झपाट्याने खाली यायला हवा.

"अय्यो अन्ना," सायन्ना म्हणाला, "त्या पेल्यात गिऱ्हाइकाले चहा देतो म्या. डिझेलचा वास आला तं?"

"तुह्या चहाले कशाचा तरी वास येईन तं बरंच होईन," भुजंग म्हणाला आणि उकळत्या पाण्याच्या पेल्याकडे हात नेला. सायन्नाने तो हात हळूच बाजूला केला, पेल्याला फडके गुंडाळले आणि स्वतः धरला. "म्या धरतो. तुमी तुमचा आकडा पाहा." हे त्याने इतक्या सवयीने केले की मी पाहतच राहिलो.

थंड पाण्यातही सेन्सर गरम असल्यासारखा बोलला, आणि गरम पाण्यात त्याचा आकडा पार शून्याला टेकला, म्हणजे भट्टीच. भुजंगने नागपूरला फोन लावून नवा मागविला. तो फोनवर असताना मी सायन्नाजवळ सरकलो.

"हाताचं काय आहे रे त्याच्या?"

सायन्नाने माझ्याकडे नवलाने पाहिले. "तुमाले नाई ठाऊक? भाजते, पन समजत नाई. फोड आल्यावर समजते. म्हनून त्याचा चहा दोनदा फिरवून, थंडा करून देतो म्या. सगळ्या जगाचे हाल लिवता मुनशीजी, अन् शेजारच्याचं ठाऊक नाई?"

तेव्हा माझ्या लक्षात आले. जिवंत माणसाचा ताप छत्तीस-सदतीसच असतो. पौषातली पहाट म्हटली म्हणजे नऊ. त्याला हाताची गरजच काय? पण उन्हातला पत्रा, चहाचा पेला, इतक्या सगळ्यांचे आकडे तो अंदाजाने सांगत होता, आणि आम्ही माना डोलावत होतो.

नवा सेन्सर दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बसने आला. भुजंगने त्यालाही आधी सायन्नाच्या दोन्ही पेल्यांत बुडवून त्याची जबानी घेतली. थंड पाण्यात त्याचा आकडा वर राहिला, गरम पाण्यात हवा तेवढाच खाली आला. मग तो बसविला, डब्यातून गाडीचा जुना गुन्हा पुसून टाकला, आणि मला म्हणाला, "चला. चढावर म्याबी येतो."

"तुझे दुकान?"

"दुकान कुठं पळून राह्यलं?"

वाटेतले इंद्रवेल्ली गाव मागे पडले, सागाचे जंगल सुरू झाले. तो माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसला होता आणि समोरच्या दिव्यांवर नजर लावून अधूनमधून पुटपुटत होता, "चलो, आरामसे चलो." चढ जवळ आला तसे मला त्या पिवळ्या दिव्याच्या जागेकडे पाहवेना. बहुधा म्हणूनच मी भलतेच विचारून बसलो.

"मिस्त्री, हात कधीपासून?"

त्याने मांडीवरचे हात उलटे केले. मग म्हणाला, "डाक्टर म्हनते साखरेनं नसा गेल्या. पायाचं तं कवाच गेलं होतं. मंग बोटं. मंग समदा पंजा." गाडी वळण घेत होती. "आदी बायकोले, कमळाले समजलं. म्या उकळत्या पान्यात हात घालून तसाच बसलो होतो. तवापासून तिनं मले बादलीले हात लावू नाई देला. रोज पहाटे उठायची, पानी तापवायची, गार पान्याचं इसन घालायची, कोपर बुडवून पाहायची, अन् मंग मले हाक मारायची. गरम-थंडाचा मामला तिच्याकडं होता, मुनशीजी."

मी गाडी पुढच्या वळणावर घातली.

"ती गेल्यावर एकडाव केलं म्या. अंदाजानं. पाठ सोलून निघाली." तो खिडकीबाहेर पाहून हसला. "थंड्या पान्याचं बरं हाय. त्यात चूक होत नाई."

हातपंपावरचा तो मर्द, आणि त्याला चिडविणाऱ्या बाया, आणि मिजास म्हणणारे आम्ही. मी अत्यंत गंभीरपणे त्याला सांगितले की अशा शारीरिक असमर्थतेसाठी सरकारी पेन्शन असते. मी स्वतः दरख्वास्त लिहीन, असा मजकूर लिहीन की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

"नका लिवू," तो म्हणाला. "मंग माह्या हातात गाडी कोन देईन?" थोड्या वेळाने तोच म्हणाला, "मुनशीजी, चढ कवाचाच संपला. गेर बदला."

खरेच संपला होता. मागे आरशात तो चढ जंगलात उतरत गेलेला दिसत होता. पिवळा दिवा लागला नव्हता. गाडीने एकदाही दम खाल्ला नव्हता, आणि मला ते कळलेदेखील नव्हते.

व्याही अंगणात उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आपले धोतर सावरले आणि भुजंगपुढे हात केला. भुजंगने तो धरला आणि आकडा न सांगता सोडून दिला. "चढ एका दमात?" व्याह्यांनी विचारले. "एका दमात," भुजंग म्हणाला, "अन् वापस जातानाबी तसाच. म्या बसलो हाय ना आत." व्याह्यांनी सुनेची पिशवी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

परतीच्या वाटेवर शारदा मागे आडवी टेकली होती. प्रत्येक खड्ड्याआधी भुजंग हलक्या आवाजात म्हणत होता, "हळू माय. सांबाळून माय." हिंदी सुटली होती. तो गाडीला म्हणत होता की शारदेला, ते मी विचारले नाही.

शारदेला मुलगी झाली. आदिलाबादला जायची वेळ आली तेव्हा गाडी पहिल्या फिरकीला सुरू झाली. नात घरी आली. गावात मात्र चुकल्यासारखे वाटत होते, कारण भुजंगने आकडे सांगणे सोडले होते. आता तो गिऱ्हाइकालाच म्हणे, "तुमची गाडी, तुमचा हात. लावा अन् सांगा." लोक हात लावत, सांगत, पण त्यात ती मजा नव्हती. सायन्ना तर एकदा मुद्दाम पेला पुढे करून म्हणाला, "सांग ना अन्ना, कितीचा?" भुजंग नुसता चहा प्याला.

हे सर्व लिहिण्यापूर्वी मी त्याची संमती घेतली आहे. तो म्हणाला, "लिवा. आता समद्याईले ठाऊकच हाय. पन सेन्सर म्याच पकडला, हे वर लिवा. अन् गोधडीचं नाई लिवलं तं बरं." कुटुंबाच्या आग्रहावरून गोधडीचे लिहिले आहे.

नामकरणाच्या दिवशी मी त्याला सकाळीच बोलाविले होते. तो फार लवकर आला, माकडटोपी घालून, खांद्यावर पंचा टाकून. वाटेत हातपंप पडतो, तेथे आंघोळ उरकून यायचा त्याचा बेत असावा, पण त्या दिवशी पंपावर बायांची गर्दी होती. म्हणाला, "वहिनी, एक बादली द्या. मागं ओतून घेतो दोन तांबे."

चुलीवर नातीच्या आंघोळीचे पाणी तापत होते. कुटुंबाने त्यातले तपेले उचलले, बादलीत ओतले, वरून गार पाणी सोडले. बाही वर करून कोपर आत बुडविले. थोडे आणखी गार घातले, पुन्हा कोपर बुडविले. मग बादली न्हाणीत नेऊन ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ, इसन घातलं हाय. घ्या आंघोळ करून."

तो बादलीकडे पाहत उभा राहिला. वर येणारी वाफ त्याच्या टोपीपर्यंत पोचत होती. त्याने सवयीने हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला.

"बरोबर हाय?" त्याने विचारले.

"बरोबर हाय," कुटुंब म्हणाले.

त्याने टोपी काढून खुंटीला अडकविली आणि न्हाणीचे दार ओढून घेतले. होळीला अजून अवकाश होता.

बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. मग पहिला तांब्या पडला. मग दुसरा. आम्ही दोघे अंगणात उगाचच इकडचे तिकडचे करीत होतो, आणि तेवढ्यात दाराआडून ती जुनी आरोळी आली.

"मुनशीजी! अडतीस!"

आम्ही कोणीही तपासायला गेलो नाही.